कोठीची नहाणी

१९ नोव्हेंबर १९३६, गुरुवार

आज पुन्हा तेच! परसात पाटावर यांना बसवलं, पहिला तांब्या अंगावर ओतला, अर्ध्या अंगाला साबण लावला, आणि तेवढ्यात काट्यांच्या कुपाटीपलीकडून, रस्त्यानं, दोन गाड्या आल्या. मंगरुळच्या बाजारची माणसं. गाडी थांबवली त्यांनी. "रामराम, रामरावजी! कसं आहे आता?" — हात वर करून, दात काढून. यांनी मान खाली घातली. उजवा हात उचलत नाही, डाव्यानं मांडीवरचा पंचा सारखा करत राहिले. ओला पंचा तो, काय झाकणार?

हा माणूस सहा महिन्यांमागं मोट एकटा हाकायचा. शेलूच्या बाजारात कोणी याच्यासमोर मोठ्यानं बोलत नसे. उन्हाळ्यात विहिरीवरच उजवी बाजू गेली. लकवा. वाचाही गेली. "हं", "नाई" आणि "अरे" एवढे तीन शब्द उरले. त्यांच्यावर सगळं चालतं.

गाड्या गेल्यावर यांनी तांब्या ढकलला. "नाई." मी म्हटलं, अहो अर्ध्या अंगाला साबण आहे! "नाई." तसंच अंग पुसलं.

मी ठरवलं आहे. घरात नहाणी करायची. यांच्या खोलीला लागून जुनी कोठी आहे, तिथं. चार भिंतींच्या आत, गरम पाण्यानं. माणसानं अंघोळ तरी लपून करावी.

२१ नोव्हेंबर

चंपत गवंडी आला. कोठी पाहिली, पान खाल्लं, पुन्हा कोठी पाहिली. मग तोंडातून असे शब्द काढायला लागला की मी नुसती पाहत राहिले. जोतं, ढाळ, कोबा, मोरी, शोषखड्डा. आजवर घरात गवंडी आला की त्याच्याशी बोलणं यांचंच असायचं. मी चहा देऊन आत जायची.

"मालकीनबाई, तुमी फकत हो म्हना. बाकी मी पाह्यतो."

हो म्हटलं नाही. म्हटलं, एकेक सांग. तो हसला, पण सांगितलं. इथं लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन — आजकाल डोकं भोकाच्या घागरीसारखं झालं आहे.

जोतं म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा उचललेला भाग. आपलं जोतं मांडीएवढं उंच आहे, ते बरं आहे — आतलं पाणी बाहेर काढायला उंची लागते. पाणी वर चढत नाही. एवढं तर मलाही कळतं! कोबा म्हणजे चुना, खडी, विटांचा चुरा ठोकून ठोकून केलेली जमीन. मातीची जमीन नहाणीला चालत नाही, चिखल होईल. मोरी म्हणजे सांडपाणी जायचं तोंड. आणि शोषखड्डा म्हणजे परसातला खोल खड्डा, मोठ्या दगडांनी भरलेला. पाणी त्यात जातं आणि भुईत जिरतं, डबकं होत नाही.

कोठीची अडचण अशी की तिच्या तीन अंगांना घरच आहे. चौथ्या अंगाला वाटणीची भिंत, पलीकडे धाकट्या दिराचं, बबनरावांचं आंगण. दार एकच, बोळात उघडणारं, यांच्या खोलीच्या दाराला लागून. म्हणून पाणी बोळातून न्यावं लागेल, जमिनीखालून, झाकल्या नालीनं परसात.

"लय काम आहे बाई." मी म्हटलं, कर.

२४ नोव्हेंबर

कोठीतल्या कणग्या हलवल्या. मी, शेतावरचा वर्षाचा गडी म्हणजे आमचा सालदार, आणि चंपतची दोन माणसं. धुळीनं खोकला लागला. हे खाटेवरून पाहत होते. खोदायचा आवाज आला की डोळे मिटायचे. आवाजाचा त्रास होतो की आपल्याला उठून बघता येत नाही याचा, कोण जाणे.

लेकीचा, सोजरचा, रिठदहून निरोप — सासूला बरं नाही, येता येणार नाही. मी तिची वाट पाहत नव्हतेच. म्हणजे, पाहत होते.

२५ नोव्हेंबर

पाठ. दुसरं काही लिहायला नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

चंपतशी भांडण! कोबा झाला, ठोकून झाला. तो म्हणाला, "पाहा कसा आरशावानी!" मी तांब्याभर पाणी मधोमध ओतलं. पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराकडे, यांच्या खोलीच्या अंगाला आलं. सरळ, शहाण्यासारखं!

"थे तर थोडं पानी आहे, बाई. जास्त असलं की जाते बरोबर."

मी दुसरा तांब्या ओतला. तेही दाराकडे. मग तिसरा नाही ओतला, नुसती बघत राहिले त्याच्याकडे. त्यानं कान खाजवला.

ढाळ म्हणजे हे — जमिनीला दिलेला उतार. डोळ्याला दिसू नये आणि पाण्याला कळावा, एवढा. जास्त दिला तर यांचा पाय घसरेल, कमी दिला तर पाणी साचेल. चंपतनं ओळंबा लावून भिंती पाहिल्या होत्या. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते सांगतं. पण जमीन पाहायला पाणसळ लावावी लागते, ती त्याची घरी राहिली म्हणे. आळस, दुसरं काही नाही. उद्या अर्धा कोबा उकरायचा.

दाराशी चार बोटं उंच बांधही घालायला सांगितला, पाणी उलटं फिरलं तरी खोलीत येऊ नये म्हणून. ही माझीच अक्कल.

हे हसले! चंपतला मी बोलले ते ऐकलं असावं. तोंडाची डावी बाजू वर गेली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

३ डिसेंबर

शोषखड्डा झाला. नाली झाली. आता अडलं ते झरोक्यापाशी.

चंपत म्हणतो, आत विस्तव ठेवणार असाल तर हवा खेळायला, धूर जायला वर एक झरोका पाहिजे. वीतभर रुंद, वीतभर उंच, छताच्या बेतात. पण काढणार कुठं? तीन भिंतींपलीकडे घर. वर मातीचं धाबं. त्याला भोक पाडलं तर पावसाळ्यात गळून गळून बसेल. राहिली ती वाटणीची भिंत. ती दोघांची. तिला हात लावायला चंपत तयार नाही. "बबनराव मले उभा चिरन."

म्हणून मी स्वतः गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले. कमलीबाई, माझी जाऊ, ज्वारी निवडत होती. तिनं पाट पुढं केला आणि लगेच नवऱ्याकडे पाहिलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

बबनराव हे यांचे धाकटे भाऊ. तोंडावरून यांच्यासारखेच, आता तर जास्तच — हे आजारी पडायच्या आधी दिसायचे तसे. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वयनी, मोहरलीच्या दिवशी विहिरीवर मले कानाखाली मारलं त्यानं. चार मानसाईच्या समोर. पान्याची पाळी माही होती, त्याची नोयती. थ्यानं एक डाव तरी म्हटलं का, बबन, चुकलं? नऊ सालं झाले."

मी म्हटलं, आता कसं म्हणतील भाऊजी? जीभ गेली.

"जीभ होती तवाची गोष्ट करून राह्यलो मी."

खरं आहे ते. मोहरलीची पहिली वांगी शेलूच्या बाजारात जायची होती, यांना घाई होती, आणि हात उठला. रात्री मी म्हटलंही होतं, जाऊन बोला. "लहान आहे तो," म्हणाले. मग वाटणी झाली, भिंत झाली.

झरोका नाही. भिंत तशीच राहील.

४ डिसेंबर

कालच्यात भाऊजींचं 'मोहरलीच्या दिवशी' तसंच लिहिलं. ते आमच्या मळ्याचं नाव — मोहरलीचा मळा. त्या दिवशी तिथल्या वांग्यांचा पहिला तोडा होता. हात थकला की काहीबाही लिहिते मी.

१० डिसेंबर, गुरुवार

कारंज्याहून फुलसिंग आला, गाडीवर सामान घेऊन. तिथल्या एका जिनिंगात बायलरचे नळ बसवतो. उंच, मिशाळ, बोलतो अर्धं हिंदीत. बंब पाहून गल्लीतल्या बाया जमा झाल्या. नवाकोरा तांब्याचा, नवरीसारखा!

परसात दगडी ओटा बांधून त्यावर लोखंडी टाकी चढवली. सालदार सकाळी विहिरीचं पाणी टाकीत भरेल. टाकी उंच कशाला? फुलसिंग म्हणाला, "बाईजी, पानी जितना ऊपर, उतना नीचे जोर. हात लावाची गरज नाई." खालच्या तोंडाला नळ, नळ बोळातून कोठीत, तिथं दोन फाटे — एक सरळ तोटीला, थंड पाण्याचा, एक बंबाच्या डोक्यावर, भरण्यासाठी.

दोन नळ जोडतात ते आट्यांवर. आटे म्हणजे नळाच्या टोकाला कोरलेले फेरे, मळसूत्रासारखे. त्यावर तागाचं सूत गुंडाळायचं, सफेदा फासायचा, मग पिळून घट्ट बसवायचं. सूत पाण्यानं फुगतं आणि फट बंद होते. तोटीच्या आत चामड्याची चकती असते, ती 'वायसर'. तोटी गळायला लागली की दोष तोटीचा नसतो, बहुतेक वेळा ही चकती झिजलेली असते. ती बदलायची. सगळी तोटी फेकायची नाही.

बंब वरून दिसतो एक भांडं, पण आहेत दोन. मधोमध एक नळी, उभी, आरपार. तिच्यात खाली जाळी, जाळीवर विस्तव. भोवती पाणी. नळी तापते, पाणी तापतं. खाली राख पडायची जागा. रिकामा बंब कधी पेटवायचा नाही — आधी पाणी, मग आग. नाहीतर सांधे सुटतात. आणि झाकण घट्ट दाबायचं नाही, वाफेला वाट पाहिजे.

फुलसिंगनं वर पाहिलं, भिंती पाहिल्या. "झरोका किधर आहे?"

मी सांगितलं.

तो गंभीर झाला. "फिर दरवाजा खुला ठेवजा. याद ठेवा. धूर दिसते, डोळ्याले झोंबते, मानूस उठून जाते. पन कोळसा लाल झाला, धूर सरला, की मंग जे निकलते थे दिसत नाई, वास येत नाई. झोप आल्यासारखं वाटते बस."

दार उघडं ठेवू. बोळातून कोणी येत नाही.

१३ डिसेंबर, रविवार

आज पहिली अंघोळ!

पऱ्हाटीनं, कापसाच्या वाळल्या काड्यांनी, बंब पेटवला, मग कोळसे टाकले. अर्ध्या घटकेत तोटीतून कढत पाणी. खोलीही उबदार झाली. मी आणि सालदारानं यांना आणून चौरंगावर बसवलं, सालदाराला बाहेर पाठवलं. मी पाणी ओतलं. वाफ उठली. यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली. "अरे…" म्हणाले. हळू. "अरे, अरे…"

पाणी सरसर मोरीकडे गेलं. एक थेंब थांबला नाही.

मी पाठ चोळली. सहा महिन्यांचा मळ निघाला. कोणी पाहत नव्हतं. हे रडले की पाणीच होतं, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

१६ डिसेंबर

थंडी वाढली. मंगरुळचे वैद्य म्हणतात, वारं लागू देऊ नका, छातीत कफ झाला तर अवघड आहे. सांगणं सोपं.

२२ डिसेंबर

रोजचं असं: उठायचं, झाडायचं, बंब भरायचा, पेटवायचा. यांना उठवायचं, कूस पालटायची, बसवायचं. अंघोळ. अंग पुसायचं, तेल चोळायचं. भरवायचं. मग मजुरांची भाकर. मग मळा. मग पुन्हा यांचं. कापूस वेचायला लोक लागले म्हणून सालदारही शेतातच. आज यांना चौरंगावरून एकटीनं उठवलं. कमरेत कळ आली ती अजून आहे.

मी दमले हे कोणाला सांगावं? यांना सांगितलं तर म्हणतील, "हं."

२८ डिसेंबर

तोटी गळत होती. चकती मीच बदलली. बरं वाटलं, थोडा वेळ.

३ जानेवारी १९३७, रविवार

डोकं ठणकतं आहे. तरी लिहिते.

सकाळी हिव पडलं होतं. बोळातून असं वारं येत होतं की पाणी अंगावर पडेपर्यंत गार व्हायचं. यांचे दात वाजायला लागले. मी दार लावलं. कडीही घातली, वाऱ्यानं उघडत होतं म्हणून. म्हटलं, आजच्या दिवस. लवकर उरकते.

कोळसे छान लाल झाले होते. धूर नव्हता. ऊब आली. डोकं जड झालं, पाय जड झाले. मला वाटलं, थकवा. थकवा तर रोजचाच आहे! पाठ चोळता चोळता मी भिंतीला टेकले. जरा बसावं वाटलं. यांनी डाव्या हातानं माझा पदर ओढला. "अरे! अरे!" मी म्हटलं, थांबा हो, उठते. त्यांनी पुन्हा ओढला, जोरात. त्यांचं तोंड मला दोन दोन दिसायला लागलं. मग त्यांची मान कलली.

तेव्हा फुलसिंगचं बोलणं आठवलं. उठले, तर पायच नाहीत. रांगत गेले. कडी काढायला किती वेळ लागला माहीत नाही. दार उघडलं, गार वारं आलं, ओकारी झाली. मागं वळून यांच्या काखेत हात घातले, ओढलं. दारापर्यंत आले — आणि तो बांध! मीच घालायला लावलेला चार बोटांचा बांध! ओला, जड देह त्यावरून चढेना. पुन्हा ओढलं. चढेना.

घरात कोणी नाही. सालदार कापसात. मी ओरडले. कोणाला ओरडले? तोंडातून निघालं — "भाऊजी! ओ भाऊजी!"

ते आले. परसाच्या कुपाटीतून, काटे तोडत. बोळात शिरले, वाकले आणि भावाला लहान पोरासारखं उचललं. बाहेर उन्हात नेऊन ठेवलं. मी मागून भिंत धरत धरत. यांच्या अंगावर काही नव्हतं. बबनरावांनी डोक्याचा फेटा सोडला, पांघरला. गालावर थापट्या मारल्या. "दादा! ए दादा! डोळे उघड ना बे!"

यांनी डोळे उघडले. ओकले. भावाकडे पाहिलं.

बबनराव तसेच बसून राहिले. यांचा उजवा पाय पाहत होते — काडीसारखा झाला आहे तो. त्यांनी तो आजवर पाहिलाच नव्हता. मग उठले आणि गेले.

४ जानेवारी

डोकं अजून ठणकतं. हे बरे आहेत. खाल्लं. पण नहाणीकडे बोट दाखवलं की "नाई. नाई. नाई."

गावात बोभाटा झालाच — रुख्मिणीनं नवऱ्याला कोंडून मारलं असतं! एक बाई तोंडावर बोलून गेली, "घरात मोरी करते कोनी? लक्षुमी जाते." मी ताक ढवळत राहिले.

दार मी लावलं होतं. ते कोणी मला सांगायला नको.

६ जानेवारी

चंपतला बोलावलं. म्हटलं, झरोका पाड. तो हात जोडून, "बाई, बबनरावची मर्जी आना." कमलीबाईकडे निरोप पाठवला. तिनं दुपारी कुपाटीशी येऊन उत्तर सांगितलं, खाली पाहत: "हे म्हनते, भाऊ उचलला म्हनून भिंत देल्ली असं नाई होत."

मग जरा थांबून, स्वतःचं म्हणून — "जाऊबाई, त्या दिवसापासून जेवत नाई धड. चिडचिड करून राह्यले नुसते."

तिनं माझ्या हाताला हात लावला आणि गेली.

७ जानेवारी

यांना आज पुन्हा परसात अंघोळ घातली. रस्त्यानं गाड्या गेल्या.

८ जानेवारी, शुक्रवार

भिंत फोडली.

जेवणं झाली, सालदार शेतात गेला, हे झोपले. मी पहार घेतली. कोठीत चौरंगावर उभी राहिले आणि धाब्याच्या खाली, हात पुरेल तिथं, पहिला घाव घातला. गिलावा पडला — गिलावा म्हणजे भिंतीवरचा चुन्याचा लेप, तो लगेच सुटतो. आत विटा, मातीत बसवलेल्या. त्या सुटेनात. पहार हातातून फिरायची. डोळ्यांत माती. तळहात सोलवटले. मला राग कोणाचा आला होता ते सांगता येत नाही. बबनरावांचा? यांचा? त्या नऊ वर्षांमागच्या एका थपडेचा? दार लावणाऱ्या माझा? घाव घालत गेले.

एक वीट पलीकडे पडली. उजेड आला. केवढा उजेड! आणि कमलीबाईचा आवाज: "अगो माय!"

मग पळापळ. मग बबनराव, भिंतीपलीकडून.

"कोन आहे? वयनी? कोनाले इचारून?"

"कोनाले नाई," मी म्हटलं. "तुमाले इचारलं होतं. तुमी नाई म्हनाले. म्हनून आता इचारलं नाई."

"भिंत बसन अशानं!"

"बसू द्या."

मी दम खात होते. मग मला जे सुचलं ते बोलले. त्या भोकाला तोंड लावून, कोणाचं तोंड दिसत नसताना. म्हटलं, भाऊजी, त्यांनी तुमाले मारलं ते चुकलंच. मी तवाही म्हटलं होतं, आताही म्हनते. माफी मागाची तर ते मागू शकत नाहीत, आणि मी मागितली तर ती त्यांची होत नाही. ते तुमच्या दोघांचं. पन माणसाले न्हाऊ घालाले हवा लागते. ती मले पायजे. थोडा धूर तुमच्या आंगनात येईल. तेवढा सोसा. नाई सोसवला तर उद्या बुजवा, मी परवा पुन्हा फोडीन.

भिंतीपलीकडून पावलं गेली.

खाली उतरले तर दारात हे. खाटेवरून घसरत, भिंत धरत, एका पायावर तिथवर आले होते! कसे आले, देव जाणे. त्यांनी सगळं ऐकलं. तोंड वेडंवाकडं झालं होतं. भोकाकडे बघत होते. काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, हलत राहिले, शब्द आला नाही. मी धरून खाटेवर नेलं. माझे हात रक्ताळलेले पाहून त्यांनी ते डाव्या हातात घेतले. बराच वेळ सोडले नाहीत.

९ जानेवारी

हाताला हळद. पहार अजून तिथंच पडली आहे.

१२ जानेवारी

चंपत आला, न बोलावता. खांद्यावर सागाचा तुकडा.

"काहून रे?"

"भोकाच्या डोक्यावर आडवं लाकूड टाकाचं, बाई. लहान तुळईच म्हना. वरच्या भिंतीचं वजन थ्यावर घ्याचं. नाईतर पावसाळ्यात विटा सुटत जातीन, एक एक."

मी म्हटलं, मी तुला बोलावलं नव्हतं. तो पान थुंकला. "बबनरावनं धाडलं. म्हने, बाईनं फोडलं तसं ठेवू नको, सरळ कर."

दिवसभर काम. झरोका झाला, चौकोनी, ओळंब्यात. पलीकडून उतरती फळीही लावली, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. ती त्यांच्या बाजूनं, त्यांच्या लाकडाची.

संध्याकाळी बंब पेटवून पाहिला. नुसताच, कोणाला न्हाऊ न घालता. दार लावलं आणि मी बाहेर बोळात बसले. धूर वर गेला आणि झरोक्यातून निघून गेला. पलीकडे कोणी खोकलंही नाही.

१५ जानेवारी

हे अजून आत जात नाहीत. "नाई." बळजबरी करायची नाही. परसातही नको म्हणतात. नुसतं अंग पुसते. सगळं झालं — ढाळ, मोरी, नळ, झरोका — आणि नहाणी रिकामी. मला हसू आलं आज. रडूही आलं असतं, पण तेवढी ताकद नव्हती.

१७ जानेवारी, रविवार

बबनराव आले. समोरच्या दारानं. धोतर वर खोचलेलं, बाह्या सारलेल्या. मला म्हणाले, "वयनी, तुमी सरा. दादाले आज मी आंगोळ घालतो." यांनी वर पाहिलं. "नाई" म्हणाले नाहीत.

दार लागलं. मी परसातल्या ओट्यावर बसले. आतून पाण्याचा आवाज. बबनराव बोलत होते — "लय कढत नाई ना?… पाठ इकडं कर… ढाळ चांगला केला रे, पानी थांबत नाई." मग बराच वेळ नुसतं पाणी. मग यांचा आवाज आला. अडखळत, तुटत. तीन शब्दांतला नव्हता.

"ब… बन."

आणि आतलं पाणी ओतणं थांबलं.

माझ्या हातात काही काम नव्हतं. ऊन अंगावर होतं. बसल्या जागी झोप लागली. दिवसा! कोणी उठवलं नाही.